सर्व्हिस करताना पोराचा खांदा दुखतो: आराम, एमआरआय की व्यायाम?

बेसलाइनबाबा

नमस्कार मंडळी. मुलगा चौदा वर्षांचा, पुण्यात टेनिस खेळतो. उजवा हात, बॅकहँड दोन हातांनी. एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटना) चौदाखालच्या आणि सोळाखालच्या अशा दोन्ही गटांत उतरतो, शिवाय दुहेरी. वर्षभरात ताडमाड वाढलाय. काही महिन्यांपासून सर्व्हिसला उजवा खांदा दुखतो. दुखतं ते मागच्या अंगाला. हात डोक्यामागे पूर्ण गेला की थोडं, आणि चेंडू मारून हात खाली येताना जास्त. फोरहँड, बॅकहँड, व्हॉली यांना काही नाही. झोपेत त्रास नाही, मुंग्या नाहीत.

सल्ल्यांना तोटा नाही. आईचं म्हणणं आंबेहळदीचा लेप लावा. कोच म्हणतात रॅकेट काही दिवस कपाटात ठेवा. क्लबातले एक पालक म्हणाले सरळ एमआरआय काढून टाका, डोक्याला शांतता. सोसायटीच्या जिममधला पोरगा म्हणतो खांदे कच्चे आहेत, डंबेल डोक्यावर उचलायला लावा.

आराम देऊन झाला. खेळ बंद होता तोवर खांदा गप्प होता. सर्व्हिस सुरू केली की दुखणं परत हजर. मग आरामानं साधलं काय? इथे फिजिओ, डॉक्टर किंवा यातून गेलेले पालक असतील तर कृपया लिहा.

डबलफॉल्ट

आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांची हीच कथा. खुर्ची टाकून बसलोय, येऊ द्या.

फिजिओ_करवीर

बाबा, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे "ताडमाड वाढलाय".

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची चकती असते, ग्रोथ प्लेट. दंडाची जवळजवळ ८० टक्के लांबी याच चकतीतून येते. मुलग्यांमध्ये ती सोळा-अठरापर्यंत, काहींत आणखी उशिरापर्यंत उघडी राहते. ती कूर्चेची असते, म्हणजे भोवतालच्या हाडापेक्षा आणि कंडरांपेक्षाही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) नाजूक. जो ताण मोठ्या माणसात कंडरेला दुखावतो तोच वाढत्या मुलात या चकतीला पिळवटतो, आणि ती रुंदावते. बेसबॉल खेळणाऱ्या मुलांवरून याला लिटल लीग शोल्डर नाव पडलं, पण टेनिसच्या मुलांतही सापडतं. अशा वेळी बहुधा दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून दाबलं तरी दुखतं. चकती दुखावली असेल तर सर्व्हिस पूर्ण बंद, साधारण तीन महिने, व्यायाम त्यानंतर.

म्हणून आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा आणि दोन्ही खांद्यांचा साधा एक्स-रे काढा. डाव्याशी ताडून पाहिल्याशिवाय उजव्याची चकती रुंद आहे की नाही हे ठरवणं अवघड जातं.

चकती ठीक निघाली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आरामानं चिडलेला भाग शांत होतो, पण त्यानं ताकद वाढत नाही, उलट घटते. त्या कमी ताकदीच्या खांद्याला तुम्ही पुन्हा तेवढ्याच सर्व्हिस करायला लावल्या.

चेंडू मारून झाल्यावर दुखतं, हेही बोलकं आहे. सर्व्हिस करताना दंड आतल्या बाजूला प्रचंड वेगानं फिरतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या सर्व्हिसचं मोजमाप झालं होतं. पुरुषांत हा वेग सेकंदाला सुमारे २,४०० अंश आणि स्त्रियांत सुमारे १,३७० अंश भरला. एवढ्या वेगातला हात थांबवायचा कुणी? खांद्याच्या मागचे छोटे स्नायू, ते ब्रेकचं काम करतात. रोजच्या सरावानं पुढचे, छातीकडचे स्नायू आपोआप दणकट होतात. मागच्यांना कोणी विचारत नाही. म्हणून जिममधला शोल्डर प्रेस सध्या नको.

नाशिकचा_कोच

एक्स-रेला अनुमोदन. पण सगळे खांद्याकडेच बघताय हे खटकतंय.

सर्व्हिसमधली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा पाय, कंबर आणि धडातून येते. क्रीडावैद्यकातले डॉ. बेन किब्लर यांचा हिशोब प्रसिद्ध आहे: कंबर-धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर चेंडूला तेवढाच जोर द्यायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगानं फिरावं लागतं. आता आपली पोरं बघा. गुडघा वाकवायचा कंटाळा, टॉस डोक्याच्या मागे, आणि सगळा जोर दंडाचा. तिसऱ्या सेटमध्ये तर पाय संपलेलेच असतात.

बाबांना विनंती: मुलाला एका पायावर उभं करून हळू अर्धी उठबस काढायला लावा, दोन्ही पायांवर आळीपाळीनं, आणि समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघा आत वळतोय, कंबर एका बाजूला कलतेय असं दिसलं तर खांद्याचं दुखणं कुठून सुरू होतंय ते कळेल.

ठाणेकरीण

माझ्या मुलीला तेराव्या वर्षी असंच झालं होतं. तिच्या तिथल्या ट्रेनरनं दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती पुढे ढकलायचा स्ट्रेच रोज दिला होता. दुखणं वाढलं. शिवाय हात "निसटल्यासारखा" वाटायला लागला. स्ट्रेचिंगनं असं होऊ शकतं का? की आमचंच काही चुकलं?

फिजिओ_करवीर

ठाणेकरीण, होऊ शकतं. तुमच्या मुलीचा अंगठा वाकवला की मनगटाला टेकतो का? कोपर, गुडघे सरळ केल्यावर उलट्या बाजूला जातात का? असं असेल तर तिचे सांधे मुळात सैल आहेत, मुलींत हे जास्त दिसतं. खांदा उखळीचा सांधा खरा, पण उखळ फार उथळ आहे. गोळा जागेवर राहतो तो स्नायू आणि भोवतालच्या आवरणाच्या जोरावर. आवरण आधीच सैल असताना पुढून आणखी ताणलं तर गोळा पुढे सरकतो. अशा मुलांना पुढचा स्ट्रेच नको. त्यांना ताकद हवी, नियंत्रण हवं. निसटल्याची भावना अजून असेल तर प्रत्यक्ष दाखवा, धाग्यावर सोडवायचा प्रश्न नाही हा.

हाडांचा_डॉक्टर

एमआरआयबद्दल लिहितो, कारण ओपीडीत निम्मा वेळ त्यातच जातो.

एक्स-रे आधी, हे बरोबर. एमआरआय वाईट नाही, पण तो कशासाठी काढतोय हे ठरलेलं हवं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या २० खेळाडूंचे, म्हणजे बेसबॉलचे पिचर आणि टेनिसपटू यांचे, दोन्ही खांदे एमआरआयखाली घातले. खेळाच्या हाताच्या ४० टक्के खांद्यांत कंडरा थोडी किंवा पूर्ण फाटलेली दिसली, दुसऱ्या हातात एकातही नाही. पाच वर्षांनी चौकशी केली तेव्हाही त्यांना त्या खांद्याचा त्रास झालेला नव्हता. म्हणजे अहवालात "टेअर" लिहून आलं म्हणून दुखणं त्याचंच, असं नाही. पण एकदा तो शब्द आई-बापांनी वाचला की मूल हात उचलायला घाबरतं.

मी एमआरआय कधी सांगतो: रात्री दुखणं, ताकद अचानक जाणं, हात निसटणं, सांधा अडकणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, किंवा नीट व्यायाम करूनही तीनेक महिन्यांत फरक नसणं.

आणि कृपा करून सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला कोर्टवर सोडू नका. हे सर्रास चालतं.

डबलफॉल्ट

पण मोठमोठ्यांना शेवटी ऑपरेशनच करावं लागलं ना? टेनिसमधली मारिया शारापोव्हा?

हाडांचा_डॉक्टर

शारापोव्हाची खांद्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २००८ ची. २००९ मध्ये परतली ती सर्व्हिसमधली हाताची हालचाल आखूड करून, आणि डबल फॉल्टनी (तुमची नावबहीण!) तिला बराच काळ छळलं. व्यावसायिक खेळाडूची वर्षानुवर्षं झिजलेली कंडरा आणि चौदा वर्षांच्या मुलाचा दमलेला खांदा एका पारड्यात नका तोलू. या वयात असा खांदा कापावा लागणं विरळा.

बेसलाइनबाबा

सगळ्यांचे आभार. एक्स-रे झाला, चकती दोन्हीकडे सारखी आहे, दाबून दुखत नाही. डॉक्टरांनी खांद्याच्या मागच्या स्नायूंवर ताण आलाय एवढंच सांगून फिजिओकडे पाठवलं. तिथे मोजमाप झालं: पाठीवर झोपवून, दंड बाजूला काटकोनात, कोपर काटकोनात. उजवा आतल्या बाजूला ३८ अंश, बाहेरच्या बाजूला ९५. डावा आत ६२, बाहेर ९०. फिजिओ म्हणाले "आत फिरणं कमी झालंय". मला भीती वाटतेय, २४ अंश म्हणजे खूप झाले की.

कोच, तुमची उठबस पण काढली. उजव्या पायावर बरी, डाव्या पायावर गुडघा सरळ आत.

नाशिकचा_कोच

उजव्या हातानं सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा पाय डावाच. चेंडू मारून उतरायचंही त्याच पायावर. बघा.

फिजिओ_करवीर

हे आकडे दिलेत ते फार बरं केलंत, कारण नुसता "आत कमी" हा निष्कर्ष अर्धवट असतो.

लहानपणापासून डोक्यावरून हात फिरवणाऱ्या मुलांत दंडाचं हाडच वाढताना थोडं मागे पिळलं जातं. त्यामुळे हात बाहेर जास्त फिरतो आणि आत तेवढाच कमी. हा आजार नाही, शरीरानं केलेली सोय आहे, आणि हाड स्ट्रेचिंगनं सरळ होत नाही. म्हणून आत आणि बाहेर यांची बेरीज बघायची. समजा एखाद्याचा उजवा ४२ अधिक १०५, म्हणजे १४७, आणि डावा ६० अधिक ९०, म्हणजे १५०. आतलं फिरणं १८ अंशांनी कमी दिसतं, पण बेरीज जवळपास सारखी. अशा मुलाला ताणत बसू नये.

तुमच्या मुलाची उजवी बेरीज १३३, डावी १५२. इथे १९ अंश खरोखर हरवलेत. पाचापेक्षा जास्त फरक असला की मी लक्ष घालते. तेव्हा याच्या खांद्याची मागची बाजू आखडली आहे आणि याला स्ट्रेच हवा. पण कुठला? कुशीवर झोपून हात खाली दाबायचा स्लीपर स्ट्रेच सगळे देतात. २००७ च्या एका चाचणीत चार आठवड्यांनी पाहिलं तर छातीवरून हात आडवा ओढणाऱ्यांना स्ट्रेच न करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट फायदा होता, स्लीपरवाल्यांना तितका स्पष्ट नव्हता. शिवाय स्लीपर चुकीचा केला तर खांद्याच्या पुढे चिमटा बसतो. मी आडवा ओढायला सांगते, पाठीचा खवाटा भिंतीला किंवा जमिनीला टेकवून, म्हणजे तो सोबत सरकत नाही. अर्धा मिनिट धरायचं, चार-पाच वेळा, खेळून झाल्यावर. खेळायच्या आधी नाही.

आता ताकद. त्याच्या फिजिओंनी ठरवलेलं अंतिम, मी साधारण कुठला क्रम धरते ते लिहिते.

सुरुवातीला दुखणं ताजं असेल तर हात न हलवता भिंतीला मनगटाची मागची बाजू दाबून धरायची. मग कुशीवर झोपून, वरच्या हाताच्या काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर काटकोनात, अर्धा-एक किलोचं वजन छताकडे न्यायचं. उचलायला एक सेकंद, खाली आणायला तीन. हा माझा सगळ्यात लाडका व्यायाम. दिसायला बावळट आहे, पोरं हसतात, पण मागच्या स्नायूला याच्याइतकं काम फार थोडे व्यायाम देतात. त्याच स्थितीत हात सरळ पुढे उचलणं, पालथं झोपून हात मागे नेणं, आणि पालथं झोपून अंगठे छताकडे करून हात बाजूला उचलणं. बेल्जियममधल्या गेंटच्या अ‍ॅन कूल्स यांच्या गटानं २००७ मध्ये हे चार निवडले ते एका कारणासाठी: यांत मानेकडचा स्नायू कमी आणि खवाट्याला खाली-मागे धरणारे स्नायू जास्त काम करतात. मान आवळून, खांदा कानाशी नेऊन केलेला व्यायाम फुकट.

खवाट्याच्या पुढच्या स्नायूसाठी पुश-अप, पण वर आल्यावर आणखी थोडं जमिनीला ढकलायचं. सुरुवात भिंतीवर.

तीन फेऱ्या, पंधरा-पंधरा वेळा, एक दिवसाआड. दुखण्याला दहापैकी तीनपर्यंत गुण असतील आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवा. जास्त असेल किंवा सकाळी उरलं तर एक पायरी खाली.

बेसलाइनबाबा

रबर बँड कुठला घ्यावा? दुकानदार काळा देत होता, "मजबूत आहे" म्हणे.

फिजिओ_करवीर

पिवळा किंवा लाल. पंधराव्या वेळेला जड वाटला पाहिजे, पाचव्याला नाही. कोपर अंगाशी ठेवून जमलं की मग दंड खांद्याच्या रेषेत काटकोनात उचलून बँड ओढायचा, कारण सर्व्हिसमध्ये हात तिथे असतो. त्याच्याही पुढे पाठीमागून कोणीतरी हलका चेंडू टाकायचा, तो झेलून हात सावकाश पुढे सोडायचा. ब्रेकचा खरा सराव हा. तिथवर पोचायला आठवडे लागतात, घाई नको. पूर्ण परतीला माझ्या अनुभवात सहा ते बारा आठवडे धरावेत.

फिजिओंकडे हातात धरायचं ताकद मोजायचं यंत्र असेल तर बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद आत फिरवणाऱ्यांच्या किमान तीन-चतुर्थांश आहे का ते मोजून घ्या. "बरं वाटतंय" यापेक्षा तो आकडा भरवशाचा.

ओस्लोकर

मी नॉर्वेत असतो. इथे हँडबॉलचं वेड, आणि खांद्याचं दुखणं पोत्यानं. इथल्या वरच्या दर्जाच्या ४५ संघांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध. अर्ध्या संघांना वॉर्म-अपमध्येच दहा मिनिटांचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीनदा: खांद्याचं आत फिरणं, बाहेर फिरवण्याची ताकद, खवाटा, पाठीची वळण्याची क्षमता. मोसमभरात त्या गटात खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी. माझी मुलगी क्लबात हेच करते, कोणी त्याला उपचार म्हणत नाही, चेंडू हातात घेण्याआधीचा भाग आहे तो.

नाशिकचा_कोच

हँडबॉल म्हणजे टेनिस नाही. त्यात धक्काबुक्की आहे, चेंडू हातात आहे, रॅकेटची लांबी नाही. आणि ते मोठे खेळाडू. २८ हा आकडा आपल्या पोरांना जसाच्या तसा चिकटवू नका.

ओस्लोकर

मान्य. पण दहा मिनिटं द्यायला हरकत काय? आपल्याकडे वॉर्म-अप म्हणजे कोर्टभोवती दोन चकरा आणि हात गोल गोल फिरवणं.

नाशिकचा_कोच

हे मात्र खरं बोललात.

बाबा, आता सर्व्हिसची परती. इथेच सगळे घसरतात. व्यायामानं खांदा तयार होतो आणि पहिल्याच दिवशी सत्राच्या शेवटी, पोरगं दमलेलं असताना, टोपलीभर चेंडू देऊन "मार" म्हणतात. मी असं करतो: आधी फक्त जमिनीवरचे फटके, मग व्हॉली. हे दुखल्याशिवाय जमलं की सर्व्हिस, सत्राच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना. पहिल्यांदा सर्व्हिस लाइनवर उभं राहून नारिंगी चेंडूनं, निम्म्या जोरानं, पंधरा-वीस. एक दिवसाआड. हा चेंडू नेहमीच्यापेक्षा ५० टक्के हळू असतो, हिरवा २५ टक्के. दहाखालच्या स्पर्धांत आयटीएफनं (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) २०१२ पासून हळू चेंडू सक्तीचे केले, पण चौदाच्या पोराला नारिंगी दिला की त्याचा अपमान होतो. होऊ द्या. मग हिरवा, बेसलाइनवरून. मग नेहमीचा. आधी संख्या वाढवायची, जोर नंतर, दोन्ही एकदम नाही. किक सर्व्हिस (फिरकी देऊन उसळवलेली) आणि स्मॅश (डोक्यावरून जोरात मारलेला फटका) सगळ्यात शेवटी.

आणि वहीत सर्व्हिस मोजा. सामन्यातल्या, सरावातल्या, सगळ्या. पालक रँकिंगचे गुण पाठ म्हणून दाखवतात, पण पोरगं आठवड्याला किती सर्व्हिस मारतं हे विचारलं तर आकाशाकडे बघतात. गेल्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा हा आठवडा एकदम फुगला तर काहीतरी काढा. दोन वयोगट अधिक दुहेरी, एकाच आठवड्यात? माझ्याकडे असता तर एक गट मी कापला असता.

फिजिओ_करवीर

+१. आणि त्या डाव्या पायासाठी: एका पायावरची उठबस खुर्चीवर बसत-उठत, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, आणि चार पायांवर होऊन एक हात डोक्यामागे ठेवून पाठ वळवणं. खांद्याच्या व्यायामाच्या दिवशीच उरकायचं. मुलाला वेगळे दोन तक्ते दिले तर एकही करणार नाही.

ठाणेकरीण

पोहायला चालेल का? आमच्याकडे "अंग मोकळं होतं" म्हणून सगळे पाठवतात.

फिजिओ_करवीर

फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय नको, हात पुन्हा डोक्यावरूनच फिरतो. फळी धरून पाय मारायला हरकत नाही.

बेसलाइनबाबा

वही घातली. एकेरीच्या नावनोंदण्या मागे घेतल्या, सोळाखालचा गट या मोसमात बंद. घरात थोडी रडारड झाली. पुढच्या महिन्यात फक्त दुहेरी आहे, जोडीदाराला शब्द दिलाय. तोवर व्हॉलीपर्यंत आलेला असेल, सर्व्हिस नसेल. काढून घेऊ का?

डबलफॉल्ट

खालून सर्व्हिस करू दे की!

नाशिकचा_कोच

गंमत नाही, नियमात बसतं. खालून, फिरकी देऊन, शरीरावर. जोडीदार नेटवर चपळ असेल तर गेम निघतात. मी आधी सरावात दोन सेट तसे खेळवून बघेन.

फिजिओ_करवीर

चालेल. स्मॅश मात्र एकही नाही, डोक्यावरून आलेला प्रत्येक चेंडू जोडीदाराचा किंवा टप्पा पडू देऊन. सामन्याआधी दोघांना समोरासमोर बसवून हे सांगा, नाहीतर पहिल्याच लॉबला हात वर जाईल.